ओढ्याचा काठ आणि बिनछपराचा देव

आमच्या घरामागं परडं होतं आणि परड्यामागं ओढा. मी लग्न होऊन उचगावात आले तेव्हा परड्यात गोठा, उकिरडा, धुण्याचा दगड आणि त्याच्या पलीकडं दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा होती. साठ सालानंतरची ही गोष्ट. काही पावसाळे गेले आणि मोकळी जागा संपली. मग धुण्याचा दगड गेला, मग उकिरडा. ओढ्यानं एकदम काही नेलं नाही. दर वर्षी थोडं थोडं नेलं, म्हणून कुणी बोंब मारली नाही.

माझं माहेर शाहूवाडीकडं, भाताच्या मुलखात. तिथं ओढ्याचा काठ दिसतच नाही. पाण्यापर्यंत झाडोरा असतो, पाण्यात उतरायचं तर वाट शोधावी लागते. इथं उलटं. काठ उघडा, विळ्यानं कापल्यासारखा उभा. पावसाळ्यात मातीचे ढपले पाण्यात पडायचे, धप्प आवाज व्हायचा, आणि सासू चुलीपुढनं म्हणायची, "गेली बग."

एकदा मी विचारलं, "आत्ती, हितं कधी झाडंच न्हवती व्हय?"

"हुती की. करंज हुतं, जांभळ हुती, उंबार हुता. तुज्या वन्संच्या लग्नात जेवणं कशावर शिजली म्हणतीस?"

म्हणजे नणंदेच्या लग्नाचा भात आणि आमटी त्या झाडांवर शिजली. आमच्याच घरानं तोडली असं नाही. प्रत्येक परड्यातल्या लग्नाला थोडी थोडी गेली. राहिली ती वीटभट्टीत गेली. शहर वाढत होतं, विटा लागत होत्या, आणि काठाची माती विटेला चांगली, म्हणून लोकांनी मातीही दिली. कुणी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणणार नाही. ज्याला जे लागलं ते त्यानं नेलं.

घरात सासू, मालक, मी आणि पोरं. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. मालक कोल्हापुरात फौंड्रीत कामाला होते, सायकलनं जायचे. धाकटा दीर जयसिंगपूरला एका व्यापाऱ्याकडं दिवाणजी होता. त्यानं तिथं पक्कं घर केलं होतं. पावसाळ्यात तो यायचा, चप्पल न काढता परड्यात जायचा, ओढ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "आई, हे इकून टाकूया. भट्टीवाला घ्यायला तयार हाय. दादाला शहरात खोली बगू. तू माज्याकडं चल."

सासूला जयसिंगपूर नको होतं. धाकटी सून वाईट नव्हती. माझ्यापेक्षा गोड बोलायची. पण सासू म्हणायची, "तिच्या घरात मला बसायला पाट मिळतोय. हितं मी दुसऱ्याला पाट देती." काठ राहिला तर घर राहणार होतं, आणि घर राहिलं तरच म्हातारी इथं राहणार होती. एवढी सरळ गोष्ट होती.

पहिला उपाय मालकांनी केला. फौंड्रीत ओतकामाला वापरून झालेली काळी वाळू फुकट मिळायची. त्यांनी ती गाडीनं आणून काठावर ओतली, चांगली कमरेएवढी. बघायला भक्कम वाटत होतं. पहिल्याच मोठ्या पावसात सगळी वाळू ओढ्यात गेली. खालच्या अंगाला बायका धुणं धूत होत्या, त्यांची लुगडी काळी झाली. त्या बायका ओल्या पदरानं आमच्या दारात आल्या आणि मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेल्या. मालक मधल्या घरात बसून राहिले. सासू दारात उभी राहून सगळ्या शिव्या ऐकून घेत होती. त्या गेल्यावर आत येऊन म्हणाली, "आता येकदा तांबडी वाळू आणून बग."

दुसरा उपाय पंचायतीचा. एका वर्षी ग्रामसेवकानं झाडं वाटली, निलगिरी आणि सुबाभूळ. माणूस सरळ होता. मी म्हटलं, "ही काठ धरतील का?" तर म्हणाला, "मला ठावं न्हाई, वैनी. वरनं आल्यात ती देतोय." सुबाभूळ शेरडांनी खाल्ली. निलगिरी वाढल्या, भराभर वाढल्या, सरळ उंच. पण त्यांच्या खाली काही उगवेना. पावसाचं पाणी खोडांमधनं पूर्वीसारखंच धावायचं. चार-पाच वर्षांनी त्यातली एक निलगिरी बुडख्याच्या मातीसकट ओढ्यात आडवी झाली आणि पडताना गोठ्याच्या कोपऱ्याला लागून असलेली जमीन घेऊन गेली. राहिलेल्या निलगिरी मालकांनी तोडल्या. घराचे वासे झाले, त्याला त्या चांगल्या होत्या. झाडाला नाव ठेवत नाही मी. काठाचं काम त्याचं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. आईबरोबर ओढ्यावर गोधड्या धुवायला गेले आणि काठाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. पाण्याला लागून वाळुंज, बारीक लांब पानांचं झुडूप. त्याच्या मुळ्या पाण्यात केसांसारख्या सुटलेल्या. त्याच्यावर निरगुडीची दाट जाळी. त्याच्यावर करंज. लहानपणी त्याच ओढ्यात मी डुंबले होते, पण काठ कशानं उभा आहे हे बघायचं कारण कधी पडलं नव्हतं.

आईला म्हटलं, "ह्यातलं काय न्यायचं?"

"निरगुडी काडीनं लागती. वाळुंज बी काडीनं लागती. करंजाच्या बिया ने. आत्ता नेऊ नको, वाळून जातील. पावसाच्या तोंडाला ये."

"आणि लागली न्हाईत तर?"

"तर जळण झालं. लाकडं वाया जात्यात व्हय कुठं?"

पावसाच्या तोंडाला परत गेले. भावानं काड्या तोडून दिल्या. ओल्या पोत्यात बांधून मी ते ओझं एसटीत चढवलं. कंडक्टर आला.

"ओ मावशी, जळण हाय का हे? कोल्हापुरात वखारी बंद पडल्या काय?"

"जळण न्हाय, झाडं हाईत."

"कुठली झाडं? पानं कुठायत?"

"यायच्यात अजून."

"मग आल्यावर आणायची की!"

अख्खी गाडी हसली. मागनं एक पावणा ओरडला, "मास्तर, झाडांची तिकिटं फाडा, अर्धी!" मी पोतं पायाखाली घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. पाणी पोत्यातनं गळत होतं, शेजारच्या माणसाचं धोतर भिजलं. उतरताना मात्र त्यानंच पोतं खाली द्यायला हात लावला.

आमच्या पलीकडच्या परड्यात एक घर बौद्ध समाजाचं होतं. त्या घरातली बाई माझ्याहून थोडी मोठी, मी तिला आक्का म्हणायची. ती भट्टीवर विटा थापायला जायची. तिचा नवरा मार्केट यार्डात हमाली करायचा. तिचंही परडं ओढा खात होता. सासू तिच्याशी कुंपणावरनं तासन्‌तास बोलायची, पण तिच्या हातचं पाणी पीत नव्हती. मी प्यायची. सासूला ते माहीत होतं आणि ती ते बघत नव्हती.

मी पोतं सोडलं तेव्हा आक्का कुंपणापाशी आली. "वैनी, काय आणलंया?"

मी सांगितलं.

"माजा काठ सोडून तुमचाच धराल तर पानी माज्याकडनं आत येईल. दोन्ही परड्यांत लावूया."

खरं होतं. ओढ्याला कुंपण माहीत नसतं. दोघींनी मिळून लावलं. खाली पाण्यापाशी वाळुंज, मधे निरगुडी, वरच्या अंगाला करंजाच्या बिया. आक्काला मातीचा हात होता, कुठं पाय रुतेल आणि कुठं घसरेल ते तिला कळायचं. मला काड्या कशा लावायच्या ते आईनं सांगितलेलं. चिखलात दोघीही दोन-दोनदा पडलो. लागवड म्हणजे काही मोठं काम नव्हतं. मोठं काम पुढं होतं.

एक तर पहिल्या वर्षी निरगुडी म्हणजे नुसत्या काड्या. जळणाला आलेल्या बायका त्या उपटून न्यायच्या. त्यांची चूक नाही, दिसतच होत्या जळणासारख्या. दुसरं म्हणजे तो काठ पुरुषांच्या टमरेलाचा. सकाळी निम्मा गाव टमरेल घेऊन तिथं यायचा. सगळं तुडवलं जायचं. आणि थोडं रोप वाढलं तर आडोसा झाला म्हणून आणखी माणसं यायची. मी ओरडायची, ती उठून थोडी पलीकडं जाऊन बसायची. पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा लावलं, पुन्हा तेच झालं. मालक म्हणाले, "तू काय काय राखणार? काठ राखणार का गावाचं पोट राखणार?"

मग सासूनं हात घातला. एका अमावास्येला तिनं ओढ्यातला एक गोल दगड आणला, धुतला, तेल-शेंदूर लावला आणि निरगुडीच्या मधोमध ठेवला. नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत जाऊन सांगितलं, की ओढ्यातला देव स्वप्नात आला आणि म्हणाला, मला झाडीत ठेव आणि माझ्याजवळ घाण करू नको, काडी मोडू नको. गिरणीत सांगितलं की गावात सांगायला लागत नाही.

मी घरी विचारलं, "आत्ती, खरंच सपान पडलं?"

"तुला काय करायचंय? पडलं तर पडलं."

आक्कानं कुंपणावरनं दगड बघितला आणि हसून म्हणाली, "म्हातारे, आमी सगळं देव सोडून दिलं आन तू नवं करालीस?"

"सोडलंसा म्हणून तर कमी पडलं," सासू म्हणाली. "आन बग, तुज्या बी काठावर त्याची नजर जाती हाय. फुकट."

"जाऊदे की. तू देव म्हण, आमी राखणदार म्हणू."

त्या दिवसापासनं टमरेलं गेली. एकही आलं नाही. जळणाच्या बायका लांबनं नमस्कार करून जायला लागल्या. जे माझ्या ओरडण्यानं झालं नाही ते शेंदरानं झालं.

निरगुडीनं जोर धरला. तीन-चार पावसाळ्यांत अशी दाट झाली, की ओढा घरातनं दिसेना. वाळुंज पाण्यावर वाकली. करंजाची बरीच रोपं मेली, काही राहिली. मग आम्ही न लावलेलं यायला लागलं. उंबर पाखरांनी टाकलं. अडुळसा आला, तरवड आला. कुठनं आलं ते माहीत नाही. निळा खंड्या काठातल्या बिळात राहायला लागला. भारद्वाज दिसायचा. लोक पाखरं आली म्हणून कौतुक करतात, पण पाखरांबरोबर साप आले, मुंगूस आलं, आणि आमच्या कोंबडीची पिल्लं कमी व्हायला लागली. झाडी पाहिजे तर सगळीच पाहिजे, त्यातलं निवडून घेता येत नाही. निरगुडीचा पाला मात्र घरोघर जायचा. बाळंतिणीच्या अंघोळीला, सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना शेकायला. सासूनं नियम केला होता, पाला मागून न्यायचा, फांदी मोडायची नाही.

आणि काठ पडायचा थांबला. धप्प आवाज बंद झाला. दीर पावसाळ्यात आला, परड्यात उभा राहिला आणि ओढा कुठं आहे ते शोधायला लागला. सासू म्हणाली, "चप्पल काढून जा तिकडं. देव हाय." त्या वर्षी त्यानं घर विकायचं नाव काढलं नाही.

पण देव म्हटला की तो कामाला लागतो. एकाची म्हैस हरवली होती, त्यानं नवस केला, म्हैस सापडली. ती पलीकडच्या मळ्यात चरत होती, सापडणारच होती. एका बाईला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले. मग नारळ यायला लागले, निवद यायला लागले, अमावास्येला कोंबडं. सासू खूश होती. नारळाची भकलं आमच्याकडं यायची.

एका फाल्गुनात तालमीची पोरं आली. पोरं चांगली, अंगानं दणकट, अडीअडचणीला धावणारी. गल्लीत मयत झालं की पहिली तीच यायची. त्यातला पुढचा पोरगा म्हणाला, "आजी, वर्गणी गोळा झालीया. देवाला देऊळ बांधायचं. चौथरा, वर पत्रा, पुढं जरा मोकळी जागा, म्हंजे माणसं बसत्यात."

"मोकळी जागा कुठली आणणार?" मी विचारलं.

"ही झुडपं काढायची की, वैनी. सगळी न्हाई, देवापुरती. ओढ्यापतोर पायऱ्या करूया, झक्कास."

सासू म्हणाली, "ह्या देवाला छप्पर चालत न्हाई."

"का?"

"न्हाई चालत."

माझ्या माहेराकडं असे देव आहेत. रानात उघड्यावर असतात, त्यांना छप्पर घालत नाहीत, त्यांच्या रानातली वाळली काडीसुद्धा कुणी नेत नाही. मी ते सासूला कधीतरी सांगितलं होतं. तिनं ते बरोबर ध्यानात ठेवलं होतं.

"आजी, देव पावसात भिजतोय."

"भिजू दे. त्याला पडसं हुतंय व्हय?"

पोरं हसली, पण हटली नाहीत. गल्लीतले चारजण त्यांच्या बाजूनं बोलायला लागले. देवाला घर नाही हे गावाला शोभत नाही, असं म्हणणं पडलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, कौल लावा. देवालाच विचारा. सासू यावर नाही म्हणू शकत नव्हती. देव तिचा, स्वप्न तिचं. देवाला विचारू नका असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार?

गुरव आला. कौल म्हणजे भिजवलेले तांदळाचे दाणे दगडाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. सगळी गल्ली जमली. आक्का तिच्या परड्यात उभी होती, कुंपणाच्या पलीकडं.

मी दगडाकडं बघितलं. इतक्या वर्षांत निरगुडीची मुळं त्याच्या खाली गेली होती आणि त्यांनी डावी बाजू उचलली होती. दगड उजवीकडं कलला होता. डावा दाणा सपाटीवर बसणार आणि उजवा उतारावर.

मी म्हटलं, "दगड तिरका हाय."

गुरव म्हणाला, "वैनी, देव तिरका नसतोय. बगणारा असतोय."

लोक हसले. दाणे लावले, प्रश्न विचारला. उजवा दाणा घसरला आणि पडला. पोरांनी गजर केला. सासू तिथनं निघाली. घरात येऊन चुलीपुढं बसली. मी म्हटलं, "आत्ती, तो दगड मुळांनी उचललाय." ती म्हणाली, "गप बस." मला वाटलं ती माझ्यावर चिडली. आता वाटतं ती देवावर चिडली होती.

पोरांनी झपाट्यानं काम केलं. देवाच्या भोवतीची निरगुडी तोडली, बुडखे खणून काढले, कारण बुडखा राहिला तर पुन्हा फुटते. पाण्यापर्यंत एक रुंद पट्टा साफ झाला. वाळुंजही गेली, पायऱ्यांच्या आड येत होती. दगडांचा चौथरा बांधला, सिमेंट केलं, चार खांब आणि वर पत्रा. देव वर बसला. मी कुणाला आडवी गेले नाही. आक्का फक्त म्हणाली, "वैनी, ते भोक बरोबर तुमच्या गोठ्यामागं आलंया बगा."

त्या पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला. आमच्याकडं नदीला पूर आला, की ओढ्याचं पाणी पुढं जाईनासं होतं आणि मागं तुंबतं. त्याला फुग म्हणतात. फुग चढताना काही होत नाही, पाणी नुसतं उभं राहतं. उतरताना ती काठ ओढून नेते. पाणी परड्यात आलं, आम्ही म्हसरं उचगावच्या वरच्या अंगाला नेऊन बांधली. पुढं पाणी ओसरायला लागलं. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि बऱ्याच वर्षांनी तो आवाज ऐकला. धप्प.

बाहेर आले तर चौथरा नव्हता. पत्रा ओढ्यात उलटा पडला होता आणि खांब वर आले होते. दुपारपर्यंत चौथऱ्याच्या जागी मोठं खिंडार पडलं. ते आत आत येत राहिलं. संध्याकाळच्या आधी गोठ्याची मागची भिंत गेली. आता खिंडार आणि घराची भिंत यांच्या मधे अंथरूण पसरण्याएवढीच जागा. खिंडाराच्या दोन्ही अंगांना निरगुडी मात्र जागच्या जागी होती. चिखलानं माखलेली, एका अंगाला झोपलेली, पण मुळांनी माती धरलेली. आक्काच्या परड्यातला तर एक ढपलाही गेला नव्हता.

दीर दुसऱ्याच दिवशी आला. या खेपेला आवाज वाढवून बोलला. "आई, आता बास झालं. गोठा गेला. पुढच्या फुगेत तू झोपलेली खोली जाईल. गाडी करून आलोय. चल."

सासू खिंडाराच्या तोंडाशी उभी होती. मालक म्हणाले, "आई, तो म्हणतोय त्यात चूक न्हाई." मालकांनी असं पहिल्यांदाच म्हटलं. मला वाटलं ती जाईल. तिचं बोचकं बांधायला कुठलं लुगडं घ्यायचं ते मी मनात ठरवतसुद्धा होते.

तेवढ्यात आक्का कुंपणातनं आली. तिच्या डोक्यावर निरगुडीचा भारा होता, तिच्याच काठावरच्या काड्या, ताज्या तोडलेल्या. तिनं तो धाडकन खाली टाकला आणि सासूला म्हणाली, "म्हातारे, पाऊस हाय तंवर लागतील. जायाचं आसंल तर लावून जा."

सासूनं भाऱ्याकडं बघितलं, मग दिराकडं. म्हणाली, "गाडीवाल्याला चा पाज आन माघारी धाड. तू थांब. तुजा बी हात लागंल."

दीर धोतर खोचून चिखलात उतरला. पांढरंशुभ्र धोतर होतं. तालमीची पोरं आली, मान खाली घालून. कुणी त्यांना बोललं नाही. त्यांनी ओढ्यातनं चौथऱ्याचे दगड काढून खिंडाराच्या पायथ्याला रचले, मेसकाठीच्या, म्हणजे बांबूच्या, मेखा ठोकल्या. मग वाळुंज, मग निरगुडी. या वेळी खिंडार सरळ भरायचा कुणी प्रयत्न केला नाही. ओढ्यानं घेतलं ते घेतलं, आहे तिथंच नवा काठ धरायचा असं ठरलं. चहा आक्काच्या घरातनं आला, तिचं घर जवळ होतं आणि आमची चूल पावसानं विझली होती. सासूनं कप घेतला आणि प्यायली.

काम उरकत आलं तेव्हा तालमीचा पुढचा पोरगा म्हणाला, "आजी, देव गेला. लई शोधला, गावला न्हाई."

सासू ओढ्यात उतरली, पायानं चाचपडत एक दगड काढला, धुतला आणि नव्या काड्यांच्या मधे ठेवला.

"आजी, ह्यो तोच हाय का?"

"त्यो न्हाई. त्याचा भाऊ हाय."

"मग ह्याला तरी..."

"ह्याला छप्पर नको, चौथरा नको, मोकळी जागा नको. आन ह्याला कौल लावायचा न्हाई. ह्याला बोलता येत न्हाई."

पोरं हसली आणि मग सगळेच हसले, दीरसुद्धा. सासू हसली नाही.

दिराची गाडी रिकामी गेली. तो दोन दिवस राहिला, धोतर वाळवून एसटीनं गेला. पुढच्या पावसाळ्यात फुग आली आणि उतरली. नव्या काड्यांतल्या काही वाहून गेल्या, आम्ही पुन्हा लावल्या. त्याच्या पुढच्या वर्षी कमी गेल्या. मग जायच्या थांबल्या. उंबर मोठा झाला. लोक नारळ आणायचे, पण पालवीआडनं देव दिसायचा नाही, तेव्हा अंदाजानं हात जोडून जायचे. कौलाचं कुणी नाव काढलं नाही.

सासू त्याच घरात गेली, म्हातारपणानं, आपल्या अंथरुणावर. त्याच्या आदल्या दिवाळीत धाकटी सून जयसिंगपूरहून आली होती, तेव्हा सासूनं स्वतः उठून तिला बसायला पाट दिला होता. पाय धड चालत नव्हते तरी उठली.

गोठा आम्ही पुन्हा बांधला नाही. म्हैस विकली. ती जागा निरगुडीला दिली.